करवंदाचे जिवंत कुंपण: मुरमाड बांधावर करवंद कसे लावावे आणि कसे वाढवावे

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात करवंद मुद्दाम कोणी लावत नाही. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांत ते जांभ्याच्या उघड्या माळावर, पायवाटांच्या कडेला आणि दगडी तालींच्या सांदीत आपसूक उगवते, एप्रिल-मे महिन्यांत काळ्याभोर फळांनी लगडते आणि वाडीवस्तीवरच्या बायका बुट्ट्या भरून ती फळे बाजारात आणतात. इतक्या सहज मिळणाऱ्या झुडपाची रोपे करावीत, त्यासाठी चर खणावा, हे कोणाच्या मनात येत नाही. आणि त्याच शेताच्या बांधाला काटेरी तार ओढण्यासाठी व सिमेंटचे खांब रोवण्यासाठी मात्र हजारो रुपये घातले जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की उथळ मातीच्या, मुरमाड आणि पाण्याची खात्री नसलेल्या बांधासाठी करवंदाइतके चांगले कुंपण आपल्याकडे दुसरे नाही. पहिली दोन वर्षे मात्र त्याची निगा राखावी लागते, आणि ‘रानातलेच झाड आहे, आपोआप जगेल’ या समजुतीपोटी नेमक्या याच दोन वर्षांत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

झुडपाचा स्वभाव आणि जमिनीची निवड

करवंद (शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरँडस) हे कण्हेर आणि रुई यांच्याच कुळातले सदाहरित झुडूप आहे. त्याची पाने जाड, चामड्यासारखी आणि वरून तुकतुकीत असतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांतून पाणी फार उडून जात नाही. मुळे खडकाच्या भेगा शोधत खोल उतरतात. फांदीच्या प्रत्येक पेरावर काट्यांची जोडी असते आणि जून काट्याला पुष्कळदा पुन्हा फाटा फुटतो. म्हणूनच पूर्ण वाढलेल्या जाळीत एकदा शिरलेले जनावर पुन्हा त्या वाटेला जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या, चांदणीसारख्या, सुवासिक फुलांचे झुबके फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. फळ धरल्यापासून ते पिकेपर्यंत साधारण तीन ते साडेतीन महिने लागतात, म्हणजे विहिरी तळाला जातात त्याच दिवसांत हे झुडूप आपले सगळे पीक पोसत असते.

पाण्याचा ताण सहज सोसणाऱ्या या झाडाला साचलेले पाणी मात्र अजिबात सोसत नाही, आणि कोल्हापुरात लागवड करणाऱ्याने सर्वांत आधी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपला जिल्हा दुष्काळी नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर शिरोळमध्ये त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. गगनबावड्यातही करवंद उत्तम वाढते, कारण तिथल्या उतारावर पडलेले पाणी थांबत नाही. उलट शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या, चिकण जमिनीत, उसाच्या सरीतून झिरपणारे पाणी बांधाच्या बुडाशी बारमाही मुरत असेल, तर पाऊस कमी असूनही रोपांची मुळे कुजतात. अशा शेतात करवंद लावायचेच असेल, तर बांधाच्या माथ्यावर लावावे, किंवा फूट-दीड फूट उंचीचा मुरूम-मातीचा वरंबा घालून त्यावर लावावे. पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या पूरपट्ट्यात तर ते लावूच नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ज्या शेतांत कित्येक दिवस पुराचे पाणी उभे होते, तिथे कोवळ्या करवंदाचा निभाव लागणार नाही. बाकी जमिनीबाबत हे झाड चोखंदळ नाही. तांबडी माती, जांभा, मुरूम, दगडगोटे, थोडीफार क्षारयुक्त जमीन, सगळे त्याला चालते. पाण्याचा निचरा आणि भरपूर ऊन एवढेच त्याचे मागणे असते. दाट सावलीत झुडूप जगते, पण फळ धरत नाही.

बी की गुटी कलम

कुंपणासाठी बियांपासून केलेली रोपेच लावावीत, असा माझा आग्रह आहे. बियांच्या रोपाला सोटमूळ येते आणि कोरडवाहू बांधावर तेच उपयोगी पडते. शिवाय शेकड्याने लागणारी कलमे विकत घेणे परवडण्यासारखे नसते. परसात दोन-चार मोठ्या फळांची झाडे हवी असतील तेव्हा कलमाचा विचार करावा. लागवडीसाठी निवडलेल्या करवंदांत पंतनगरच्या कृषी विद्यापीठाचे ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्ण’ हे वाण प्रसिद्ध आहेत, आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण बोल्ड’ हा वाण आपल्या हवामानाला जवळचा आहे. गुलाबी-पांढऱ्या फळांचे करवंद लोणच्याला आणि मुरंब्याला चांगले असते. नुसते खाण्यासाठी मात्र डोंगरच्या काळ्या करवंदाची गोडी त्याला नाही.

बी निवडण्याचे काम मे महिन्यातच करावे लागते, कारण करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर घटते आणि डब्यात घालून ठेवलेले बी पुढच्या वर्षी कामाचे राहत नाही. आपल्या किंवा ओळखीच्या शेतातील, मोठ्या आणि गोड फळांचे, भरपूर लगडलेले झुडूप हेरून ठेवावे आणि त्याची पूर्ण पिकलेली, हाताला मऊ लागणारी फळे घ्यावीत. आपल्याकडे मुले करवंद फोडून आतला रंग पाहतात आणि लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी म्हणतात. बी धरताना मात्र फळाचा आकार, गोडी आणि झाडाचा जोम यांकडेच पाहावे. झाड हेरणे जमले नाही, तर बाजारात द्रोणातून विकली जाणारी पिकलेली करवंदे घेतली तरी चालतात. एका द्रोणातून पुरेसे बी निघते. राधानगरी-दाजीपूरसारख्या अभयारण्याच्या हद्दीतून फळे किंवा रोपे आणू नयेत, कारण तो कायद्याने गुन्हा ठरतो. माळावरची मोठी झुडपे खणून आणण्याचाही खटाटोप करू नये, कारण त्यांचे सोटमूळ खडकात गेलेले असते, ते तुटते आणि झुडूप वाळून जाते.

फळे पाण्यात कुस्करून गर आणि चीक पूर्ण निघेपर्यंत बी तीन-चार वेळा धुवावे. वर तरंगणारे बी फोल असते, ते काढून टाकावे. उरलेले चपटे, तपकिरी बी सावलीत कागदावर एक दिवस सुकू द्यावे आणि लगेच लावावे. उन्हात वाळवू नये. तांबडी माती, वाळू आणि चाळलेले कुजके शेणखत समप्रमाणात मिसळून, बुडाला भोके असलेल्या काळ्या पिशव्या भराव्यात. पिशवी रुंदीला कमी असली तरी चालेल, पण खोलीला वीतभर तरी असावी. प्रत्येक पिशवीत दोन बिया अर्ध्या इंचापेक्षा खोल जाणार नाहीत अशा बेताने टाकाव्यात, वर वाळूचा पातळ थर द्यावा आणि झारीने पाणी द्यावे. पिशव्या विरळ सावलीत ठेवल्या, तर दोन ते तीन आठवड्यांत कोंब वर येऊ लागतात. दोन्ही बिया उगवल्यास अशक्त रोप उपटण्याऐवजी कात्रीने कापावे, म्हणजे शेजारच्या रोपाचे मूळ हलत नाही.

पहिल्या वर्षी हे रोप फारच सावकाश वाढते. दिवाळीपर्यंत ते जेमतेम वीतभर होते आणि पाहणाऱ्याला वाटते की ते खुरटले आहे. प्रत्यक्षात त्या काळात पिशवीत खाली मूळ उतरत असते. मेच्या अखेरीस लावलेली रोपे त्याच पावसाळ्यात बांधावर नेण्याची घाई करू नये. वर्षभर पिशवीत वाढवून, शेवटचे दोन महिने पूर्ण उन्हात ठेवून, पुढच्या पावसाळ्यात ती लावावीत.

गुटी कलम करायचे असल्यास जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, एक वर्ष वयाच्या फांदीवरची इंचभर रुंदीची साल गोलाकार काढावी, तिथे मूळ फुटण्याची संजीवकाची पूड लावावी, ओले शेवाळ गुंडाळावे आणि प्लास्टिकच्या कागदाने घट्ट बांधावे. पारदर्शक कागदातून मुळ्या दिसू लागल्या की फांदी कापून पिशवीत लावावी. हे काम चामड्याचे हातमोजे घालूनच करावे.

चर, अंतर आणि लागवड

कुंपणासाठी स्वतंत्र खड्डे घेण्याऐवजी सलग चर काढणे सोयीचे असते. उन्हाळ्यात बांधाच्या कडेने दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणून पंधरा-वीस दिवस तापू द्यावा. मुरूम फार कठीण असेल, तर पहारीने निदान रोपाच्या जागी तरी आणखी अर्धा फूट तळ फोडून ठेवावा, म्हणजे मुळाला वाट मिळते. खणलेल्या मातीत तिच्या चौथाईइतके कुजलेले शेणखत मिसळून चर भरावा. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) मिळत असेल, तर तीही चालते, मात्र ती चांगली कुजून थंड झालेली असावी. ताजी, गरम प्रेसमड कोवळी मुळे जाळते.

रोपे दोन ओळींत, एकमेकांच्या फटीत येतील अशी लावावीत. एका ओळीतल्या दोन रोपांत तीन फूट आणि दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवल्यास शंभर फूट बांधाला सुमारे सत्तर रोपे लागतात. मर धरून पंच्याऐंशी तयार करावीत. केवळ फळांसाठी बाग करायची असेल, तर दहा फुटांवर एकेक झाड लावावे आणि दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा. बांध सामाईक असेल, तर शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे आणि हद्दीपासून तीन-चार फूट आत सरकून लावावे, कारण पसरलेल्या फांद्या बैलजोडीला किंवा ट्रॅक्टरला आडव्या येऊ लागल्या की पुढे भांडणाला निमित्त मिळते.

लागवडीची वेळ तालुक्याप्रमाणे बदलते. शिरोळ, हातकणंगले, कागल, गडहिंग्लज या कमी पावसाच्या भागांत मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की लगेच रोपे लावावीत, म्हणजे त्यांना सगळा पावसाळा मिळतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या घाटपट्ट्यात जुलैचा पाऊस ताजी भरलेली माती धुऊन नेतो, म्हणून तिथे जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या उत्तरार्धात लावणे बरे. पिशवी फाडल्यावर मातीच्या गोळ्याच्या तळाशी नजर टाकावी. सोटमूळ तळाला टेकून गोल वळलेले असते आणि त्याला पांढऱ्या बारीक मुळ्यांची जाळी असते. हे वळलेले टोक धारदार कात्रीने कापावे, नाहीतर जमिनीत गेल्यावरही मूळ तसेच गोल फिरत राहते आणि खोल जात नाही. रोप पिशवीत होते तेवढ्याच खोलीवर लावून बुंध्याशी माती पायाने दाबावी आणि पाणी बुंध्यापासून दूर वाहील असा हलका उंचवटा करावा.

पहिल्या दोन वर्षांची निगा

लागवडीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी प्रत्येक रोपाला आठ ते दहा लिटर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी शिंपडले, तर मुळे वरच्या ओल्या थरातच राहतात आणि पाणी बंद होताच झाड वाळते. म्हणून कमी वेळा, पण मुरेपर्यंत पाणी देणे महत्त्वाचे आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पाणी पुरते. तिसऱ्या वर्षापासून झुडूप स्वतःच्या बळावर उभे राहते.

ओल टिकवण्यासाठी उसाचे पाचट आपल्याकडे मुबलक असते. बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी सोडून त्याचा वीतभर थर द्यावा आणि वर थोडी माती टाकावी. याच पाचटाचा एक धोका मात्र गंभीर आहे. तोडणीनंतर फड पेटवण्याची पद्धत अजून पुष्कळ गावांत आहे, आणि शेजारच्या फडातली आग पाचटावरून धावत आली तर दोन वर्षांचे कुंपण एका दुपारी जळून जाते. म्हणून जानेवारीपासूनच कुंपणाच्या दोन्ही बाजूंना चार फुटांचा पट्टा खुरपून स्वच्छ ठेवावा. उसात रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी फवारले जाते, त्याचे तुषार वाऱ्याने बांधावर आले तरी करवंदाची कोवळी पाने वाकडी होतात आणि शेंडे करपतात. फवारणी वारा पडलेला असताना आणि नोझल खाली धरून करावी. शेळ्या जून काट्यांना बिचकतात, पण कोवळे शेंडे आवडीने खातात, त्यामुळे पहिली दोन वर्षे बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्यांचा आडोसा हवाच.

कुंपण बुडापासून दाट होणे हे सर्वस्वी छाटणीवर अवलंबून असते. रोप फूटभर उंच झाले की त्याचा शेंडा खुडावा. त्यातून फुटलेल्या फांद्या पुन्हा फूटभर वाढल्या की त्यांचेही शेंडे कापावेत. कोवळ्या झुडपाला कात्री लावायला मन धजत नाही, पण न छाटलेले करवंद वरून पसरते आणि खाली गुडघ्याएवढी पोकळी राहते, ती नंतर कधीच नीट भरून येत नाही, आणि रानडुक्कर नेमके तिथूनच आत शिरते. बुडापासून विणलेली जाळी मोकाट गुरे आणि माणसे रोखते आणि डुकरालाही पुष्कळ अंशी अडवते. गव्याच्या कळपापुढे मात्र कोणतेही झुडपी कुंपण टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. राधानगरी, भुदरगड किंवा पन्हाळ्याच्या ज्या गावांत गवे शेतात उतरतात, तिथे वेगळा बंदोबस्त लागतोच.

खत फार लागत नाही. दर जूनमध्ये झाडामागे एक घमेले शेणखत पुरे होते. युरियाच्या माऱ्याने लांब, लुसलुशीत फांद्या फुटतात आणि फळ कमी धरते. रोगकिडीही मोजक्याच आहेत: पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी अर्क फवारावा, शेंड्याकडून फांदी वाळत आली तर हिरव्या भागापर्यंत कापून जाळावी आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी.

तोडणी आणि फळांचा उपयोग

बियांच्या झाडाला लागवडीनंतर तिसऱ्या वर्षापासून फळे दिसू लागतात. पूर्ण वाढलेल्या झुडपापासून साधारणपणे ३ ते ५ किलो फळ मिळते. लोणच्यासाठी हिरवी, टणक करवंदे मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत तोडावीत; खाण्यासाठीची फळे एप्रिलच्या शेवटापासून वळवाच्या पावसापर्यंत टप्प्याटप्प्याने काळी होतात. सगळी फळे एकदम पिकत नसल्याने चार-पाच दिवसांच्या अंतराने फेऱ्या माराव्या लागतात. देठासकट तोडलेल्या फळातून चीक कमी गळतो आणि ते जास्त टिकते. तरीही पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांपलीकडे राहत नाही, त्यामुळे विक्रीसाठी तोडणी पहाटे करून ते त्याच दिवशी बाजारात पोहोचवावे. शेंड्यावरची थोडी फळे बुलबुलांसाठी सोडावीत असे मला मनापासून वाटते. माळावरची करवंदे मुख्यतः पाखरांनीच पेरलेली आहेत.

कच्ची करवंदे चिरण्यापूर्वी हाताला खोबरेल तेल लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही. फळाचे दोन भाग करून बी काढावे आणि फोडी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवाव्यात. पाणी ओतून दिले की चीक आणि तुरटपणा पुष्कळ कमी होतो, आणि मग कैरीच्या लोणच्याचाच मसाला वापरून लोणचे घालता येते. करवंदात पेक्टिन भरपूर असल्यामुळे त्याची जेली वेगळे काही न घालताही छान घट्ट होते. हे फळ आंबट असल्याने ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नये किंवा साठवू नये. मुलांना झाड ओळखायला शिकवताना एक गोष्ट निक्षून सांगावी: चीक निघणारे प्रत्येक झाड करवंद नव्हे. काटे नसलेली आणि एका पेरावर लांबट पानांची तिकडी असलेली कण्हेर त्याच कुळातली असली, तरी ती अत्यंत विषारी आहे.

दरवर्षीची छाटणी आणि जुने कुंपण

फुले नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर येत असल्याने छाटणीचा महिना चुकला तर त्या वर्षीचे फळ जाते. फळे संपताच, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, छाटणी उरकावी आणि दिवाळीनंतर झुडपाला कोयता लावू नये. उंची साडेचार-पाच फुटांवर राखावी, आणि वरच्या बाजूने किंचित निमुळते, खाली रुंद असे कापावे, म्हणजे बुडाच्या फांद्यांनाही ऊन मिळते. दहा-बारा वर्षांनी कुंपण आतून वाळलेल्या काटक्यांनी भरले आणि फळ घटले, तर जूनमध्येच ते गुडघ्याच्या उंचीवर पूर्ण छाटावे. पावसाळ्यात जुन्या खोडांतून जोमदार फुटवे येतात. अशा छाटणीनंतर एक-दोन वर्षे फळ मिळत नाही आणि बांधही उघडा पडतो, म्हणून सगळी लांबी एकदम न कापता दरवर्षी एक तृतीयांश कापावी, कापलेल्या काट्यांचाच तोवर त्या जागी आडोसा करावा, आणि मेलेल्या झाडांच्या जागी लावण्यासाठी आदल्या वर्षीच्या मे महिन्यात नवे बी पिशव्यांत टाकून ठेवावे.